सासूबाईंची म्हैस आणि माझा बेदाणा

मी माझ्या सासूबाईंना त्यांची म्हैस विकायला लावली. चूक काय झाली ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लिहिताना मला लपायला जागा राहणार नाही. माझ्या बायकोला दमा आहे. माहेरी गेली की तो उसळतो आणि त्याला दारातला गोठा कारण आहे, असं मी ठरवलं. कुणाला विचारलं नाही, काही तपासलं नाही, नुसतं ठरवलं. त्यापायी म्हैस गेली, चूल गेली, अंगणातलं शेणाचं सारवण गेलं. एवढं करूनही भागलं नाही तेव्हा बायकोचं माहेरी जाणंच मी बंद केलं. तिला ज्या गोष्टीनं धाप लागत होती ती मात्र माझ्या घरातून तिच्याबरोबर जात होती, आणि ती पिशवीत घालून देणारा मीच होतो.

आमचं गाव कुंडलच्या जवळ. ऊस सगळ्यांचा असतो तसा आमचाही आहे, पण आमचं जीव लावायचं पीक म्हणजे द्राक्ष. त्यातली बरीचशी आम्ही बाजारात न पाठवता बेदाण्याला लावतो. ज्यांनी बेदाणा फक्त शिऱ्यात पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घड तोडून आणले की ते औषधाच्या पाण्यात बुडवतात, त्यानं सालीवरचा मेणासारखा थर सुटतो. मग शेडमधल्या जाळ्यांवर पसरून वाळवतात. पंधरवड्याच्या आसपास मणी सुकतो. तो तसाच सोडला तर तपकिरी, पुढं काळपट होतो. बाजाराला मात्र पिवळाधमक लागतो. म्हणून शेडच्या चारी बाजूंनी ताडपत्री सोडायची, आत गंधक पेटवायचं आणि त्या धुरीत माल कोंडून ठेवायचा. मग रंग धरतो आणि माल टिकतो. ताडपत्री उघडताना मी स्वतः तोंडाला ओला टॉवेल गुंडाळतो आणि वारा पाठीवर घेऊन उभा राहतो. छातीत काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. एवढं ठाऊक असून पुढचं मला दिसलं नाही, याचंच आजही नवल वाटतं.

धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर बायको अशक्त झाली. अंगात रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. माझी आई म्हणाली, रोज मूठभर बेदाणा भिजत घालून सकाळी उपाशीपोटी द्या, वरचं पाणीही पिऊ दे. हे काम मी आपणहून माझ्याकडं घेतलं. संध्याकाळी वाटी भरून झाकून ठेवायची, सकाळी तिच्या हातात द्यायची. त्यासाठी मी मालातला सगळ्यांत टपोरा, सगळ्यांत पिवळा मणी निवडून बाजूला काढत असे. आमच्याकडं कुणाचा नवरा बायकोसाठी काय करतो असा विषय निघाला की आई हे चारचौघांत सांगायची, आणि मी ऐकत नसल्यासारखं दाखवून ऐकायचो.

बायकोला लहानपणी पावसाळ्यात धाप लागायची. मोठी होताना ती जवळपास गेली होती. लग्नानंतरची पहिली काही वर्षंही ठीक गेली. मग हळूहळू सकाळी छाती जड वाटू लागली, श्वास सोडताना बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. गावातल्या डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला. पंपाची सवय लागते, असं कुणाकडून तरी ऐकलेलं मी तिला ऐकवलं, त्यामुळं अगदी अडलं तरच ती तो घ्यायची. हीही माझीच करणी. सकाळचा त्रास सकाळच्या गारव्यानं होतो, असं आम्ही धरून चाललो. दमेकऱ्याला सकाळी जास्त होतं हे सगळेच सांगतात. त्यामुळं वाटीकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

कुणाचंच गेलं नाही म्हणणं खरं नाही. एकदा तिनं मला सांगितलं होतं. मी विहिरीवरच्या मोटारीची तार जोडत बसलो होतो.

"हे खाल्लं की घशात खवखवतंय," ती म्हणाली.

"उष्ण असतोय बेदाणा. पाणी वाढवतो," मी म्हणालो.

आणि दुसऱ्या दिवसापासून मी पाणी वाढवलं. तिच्या बोलण्याची मी घेतलेली दखल म्हणजे एवढीच.

तिचं माहेर मेढ्याच्या पलीकडं, डोंगराला लागून आहे. सासरे गेल्यावर घरात सासूबाई, माझा मेहुणा आणि त्याची बायको. सासूबाईंना मी मामी म्हणतो. मामींचा दिवस म्हशीपासून सुरू व्हायचा आणि म्हशीपाशी संपायचा. धार काढताना त्या तिच्याशी बोलायच्या, आणि ते बोलणं अगदी साधं असायचं: आज ऊन लय हाय, लेकीचा फोन आला न्हाई, असं.

बायको दर वर्षी मे महिन्यात मुलांना घेऊन तिकडं जायची. आमचा हंगाम तेव्हा नुकताच उरकलेला असायचा. घरात आम्ही मागच्या वर्षीचा बेदाणा संपवत असू, कारण जुना संपल्याशिवाय नवी पेटी फोडायची नाही, ही आईची शिस्त. माहेरच्या भेटीला मात्र धुरीतून नुकताच निघालेला नवा माल जायचा. जावयानं जुना कसा पाठवायचा? जावयाचा बेदाणा आला की मामी खिरीत ओंजळभर टाकायच्या आणि लेक समोरून गेली की तिच्या हातावर थोडा ठेवायच्या.

एका उन्हाळ्यात मी त्यांना सोडायला गेलो आणि राहिलो. दुपारी शेवयाची खीर होती. ताटावरून उठल्यावर थोड्याच वेळात बायको ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. खांदे वर चढलेले, गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता, आणि बोलायला गेली की एकेक शब्द सुटा पडत होता. मेहुण्यानं गाडी काढली. मेढ्याच्या दवाखान्यात वाफ दिली, इंजेक्शन दिलं. श्वास खाली बसेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर होतो, आणि तिथं मी निकाल लावून टाकला.

परत आलो तेव्हा अंगणात मामी होत्या आणि चौकशीला शेजारच्या काकी आल्या होत्या. काकी वयानं मामींपेक्षा मोठ्या, सगळ्या आळीचं बरंवाईट त्यांच्या देखत झालेलं. म्हैस दावणीला उभी होती आणि शेण नुकतंच पडलं होतं. मी त्याकडं हात केला.

"मामी, तुमाला लेक पायजे का म्हैस पायजे, एकदा ठरवा. ह्या घाणीत तिला परत पाठवायची म्हणजे मी तिच्या मातीलाच यायचं."

"आवं पावणं, जरा दमानं घ्या," काकी म्हणाल्या. "आत्ताच आलीय ती."

मामींनी पदर नीट केला. म्हणाल्या, "ल्हानपणी पावसाळ्यात धापायची ती. पण उनाळ्यात कवा न्हाई. ह्याच गोठ्यात रेडकासंगं खेळली हाय."

"तवाचं सोडा," मी म्हणालो.

तवाचं सोडायला नको होतं. पुढं डॉक्टरांनी सगळ्यांत आधी तेच विचारलं. पण त्या दिवशी मी घाबरलेला होतो, आणि घाबरलेल्या माणसाला बोट दाखवायला काहीतरी लागतं. म्हैस समोर होती. ती उलटून बोलणार नव्हती.

पाऊस लागायच्या आधी म्हैस विकली गेली. मेहुण्याचा फोन आला. "दाजी, दिली म्हैस. आई सकाळी उठून अजून गोठ्याकडं जातीय आणि तशीच माघारी येतीय."

"हुईल सवय," मी म्हणालो.

पुढच्या मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा अंगणात फरशी बसवलेली होती. स्वयंपाक गॅसवर होता. गोठ्यात कुदळ-फावडी ठेवलेली होती. मी गाद्यांना घालायला खोळी नेल्या होत्या. तपासणीला आलेल्या साहेबासारखा घरभर फिरलो, खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, कोंबड्यांची डालगी परसाच्या टोकाला न्यायला लावली. मामी माझ्यामागं फिरत होत्या आणि प्रत्येक गोष्टीला "व्हय" म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी बायकोला पुन्हा धाप लागली. पुन्हा मेढ्याचा दवाखाना, पुन्हा वाफ.

इथं तरी मी थांबायला हवं होतं. म्हैस नाही, धूर नाही, शेण नाही, तरी त्रास तोच. म्हणजे कारण दुसरं आहे, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मी मात्र दवाखान्याच्या दारात उभा राहून वर बघितलं. समोर झाडी होती. झाडांचा फुलोरा, परागकण, डोंगरातली हवा, असं मी बोलू लागलो.

बायकोला तेव्हा नुकता श्वास यायला लागला होता. ती म्हणाली, "आवं, आता आईला डोंगर इकायला सांगू नका."

मेहुणा हसला, दवाखान्यातली नर्सही हसली. मी हसलो नाही. त्याच संध्याकाळी आम्ही परतलो, आणि गाडीत मी सांगितलं की आता मेढ्याला जायचं नाही. मामींना भेटायचं असेल तर त्यांनी यावं. मामींचे गुडघे धरलेले आणि एसटीत बसलं की त्यांना उलट्या होतात, हे मला माहीत होतं.

मग दोन उन्हाळे ती गेली नाही. मायलेकी फोनवर एकमेकींना बघायच्या. मामींना त्या फोनची रीत कधी जमली नाही. आवाज आला की त्या फोन कानाला लावायच्या, आणि इकडं पडद्यावर नुसता त्यांचा कान दिसायचा, कानातली कुडी आणि पांढरे केस. "आई, फोन लांब धर, तोंड दिसंना," बायको म्हणायची. थोडा वेळ तोंड दिसायचं, मग पुन्हा कान. ती त्या कानाशी बोलत बसायची. सुरुवातीला ती मला विचारायची, औंदा जाऊ का? नंतर तिनं विचारणं सोडलं, आणि मला वाटलं, तिला पटलं.

त्या दोन उन्हाळ्यांत तिला मोठी धाप लागली नाही. सकाळची छाती भरणं होतं तसंच होतं, पण दवाखाना गाठावा लागला नाही. मी तिला म्हणायचो, "बघ, गेली नाहीस तर किती बरं आहे." नवा माल तिच्या पिशवीत गेला नव्हता आणि ती घरातला जुना, वर्षभर पेटीत राहिलेला बेदाणा खात होती, हे माझ्या हिशोबात कुठंच नव्हतं.

यंदा घरात भाचीचं लग्न निघालं. लाडवांत, शिऱ्यात, आल्यागेल्याला देण्यात जुनी पेटी लवकर संपली. एप्रिलमध्ये, हंगाम चालू असतानाच, मी पहिल्यांदा नवी पेटी घरासाठी फोडली. रंग असा आला होता की मी दोन मणी तळहातावर घेऊन आईला दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं वाटी संपवली, वरचं पाणी प्याली आणि तुळशीला पाणी घालायला अंगणात गेली. तांब्या पडल्याचा आवाज आला. ती वृंदावनाला दोन्ही हात टेकून वाकली होती, अगदी मेढ्याला खांब धरून उभी राहिली होती तशी. आमच्या अंगणात म्हैस नाही. डोंगर दूर आहे.

पलूसच्या दवाखान्यात नेऊन वाफ दिली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता सांगलीला छातीच्या डॉक्टरांना दाखवाच, असं दर वेळी विझवत बसून चालणार नाही.

सांगलीच्या डॉक्टर बाई होत्या, वयानं आमच्याहून लहान. त्यांनी आधी बायकोला एका नळीत जोरात फुंकायला लावलं, मशीनवरची रेघ बघितली, मग खुर्ची पुढं ओढून विचारायला लागल्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. दुसऱ्याचंही. मेढा, गोठा, परागकण, सगळं मी सांगायला घेतलं.

"तुम्हाला दमा आहे का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मग त्यांना सांगू द्या."

मी खुर्ची मागं घेतली. आणि पहिल्यांदाच, इतक्या वर्षांनी, मी बायकोचं दुखणं तिच्या तोंडून सलग ऐकलं. लहानपणी कधी व्हायचं, कधी नाही. झाडू मारताना काय होतं. गार वाऱ्यात काय होतं. डॉक्टर घाई करत नव्हत्या. धाप लागण्याच्या आधी तासाभरात काय केलं, काय खाल्लं, कुठं होतात, एवढंच त्या पुन्हापुन्हा विचारत होत्या.

"त्या सकाळी उठल्यावर काय काय केलंत?"

"अंघोळ. मग बेदाणा खाल्ला. मग तुळशीला पाणी."

"बेदाणा रोज खाता?"

"रोजच. ह्या बारीला नवा होता, ह्या हंगामातला."

"आणि माहेरी? तिथं दोन्ही वेळेला त्याआधी काय खाल्लं होतं?"

बायकोनं थोडा विचार केला. "खीर."

"खिरीत काय होतं?"

"शेवया. आणि आमचा बेदाणा."

"द्राक्षं खाल्ली तर होतो त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई ओ. बागेत उभं राहून खाते की. काय हुत न्हाई."

"आणि बेदाण्यानं?"

"घसा खवखवतो. मी ह्यांना सांगितलं हुतं एकदा."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "मग तुम्ही काय केलंत?"

"पाणी वाढवलं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा मलाच विचारलं, "द्राक्षाचा बेदाणा होताना त्यात काय काय होतं?"

हा माझ्या आवडीचा विषय. मी सवयीनं सांगू लागलो. बुडवण कशी करतात, जाळी कशी असते, वारं कुठून लागतं, रंग कसा राखायचा. "मग ताडपत्री सोडून आत गंधकाची..." इथं माझं तोंड थांबलं. हे वाक्य मी शेकडो लोकांना ऐकवलं होतं. त्या दिवशी ते मी स्वतः ऐकलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो. गंधकाच्या धुरीचा अंश मालात उरतो. बहुतेकांना त्यानं काही होत नाही, ते आयुष्यभर खातात. पण दमा असलेल्या काही थोड्यांच्या श्वासनळ्या त्यानं आवळतात. माल ताजा असेल तर अंश जास्त, जुना होईल तसा कमी. म्हणून जुन्यानं रोजची छाती भरायची आणि नव्यानं दवाखाना गाठावा लागायचा. लग्नात बाटलीतलं सरबत प्यायल्यावर एकदा छाती आवळली होती, हेही बायकोला तेव्हा आठवलं, आणि डॉक्टर म्हणाल्या, त्यातही तसलंच काही असू शकतं.

"पण अजून हा माझा अंदाज आहे," त्या म्हणाल्या. "आता एकच गोष्ट बदला. बेदाणा बंद, पिवळा-काळा सगळाच, आणि मी देते तो पंप रोज नेमानं. बाकी काही हलवू नका. तुम्ही मागं एकदम दहा गोष्टी बदलल्यात, म्हणून कशानं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. आणि घरी खायला घालून खात्री करत बसू नका. ते करायचं तर इथं, माझ्यासमोर."

"पंपाची सवय..." मी सुरू केलं.

"श्वास घ्यायची सवय आहे ना त्यांना? तेवढीच सवय लागेल," त्या म्हणाल्या. बायको तोंडावर पदर धरून हसली.

परतताना तासगाव मागं पडलं. मग ती म्हणाली, "काळा बेदाणा धुरीबिगर असतोय न्हवं? शेडवर कामाला येणाऱ्या बायका वाटणीला नेतात तो?"

"होय."

"मग मला तो का न्हाई दिला?"

"तुला काळा कसा देणार?"

"मला रंग कवा पायजे हुता?" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारत होती.

गाडी कडेला घेऊन मी तिची माफी मागितली. जेवढी सुचली तेवढी मागितली. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझं ऱ्हाऊ दे. मला तुमी मारायला न्हाई दिलं, जगवायलाच दिलं, ते मला कळतंय. पण आईला चारचौघांत बोलला हुता. तिला चारचौघांतच सांगा."

त्यानंतरचे दिवस मी कान देऊन जगलो. सकाळी ती उठली की मी दुसऱ्या खोलीतून ऐकायचो. ती बारीक शिट्टी, जी मला घरातल्या पंख्याच्या आवाजासारखी पाठ झाली होती, ती आधी बारीक झाली, मग काही सकाळी आलीच नाही, मग नाहीशी झाली. शेड झाडताना तिला अजून खोकला येतो. थंड वाऱ्यात पंप जवळ ठेवावा लागतो. डॉक्टर म्हणाल्या, कारणं एकाहून जास्त असतात, धूळ हे तुमचं दुसरं. दमा गेला नाही. पण तो कुठून येतो हे कळल्यावर घरातली भीती गेली. एके सकाळी ती परसात कुणाशी तरी मोठ्यानं भांडत होती, एका दमात, मध्ये न थांबता. मी उंबऱ्यात उभा राहून ते भांडण शेवटपर्यंत ऐकलं. इतकं सुख मला रंग आलेल्या मालानं कधी दिलं नव्हतं.

पुढच्या खेपेला नळीत फुंकून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "माहेरी कधी जाताय?" बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही. तिचं तिनंच सांगितलं, "ह्याच आठवड्यात."

मेच्या अखेरीला आम्ही मेढ्याला गेलो. मामी दारातच उभ्या होत्या. त्यांनी लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. फोनवर कान दाखवणाऱ्या बाईनं सगळं बघणं त्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं जणू. मग पिशव्या आत घेताना त्या म्हणाल्या, "औंदा बेदाणा न्हाई आणला?"

"न्हाई," बायको म्हणाली. "का ते ह्ये सांगतील."

मी म्हणालो, "सांगतो, सावकाश सांगतो." आणि सांगितलं नाही. डॉक्टर अजून नुसता अंदाज म्हणाल्या आहेत, असं कारण मी स्वतःला दिलं. इथं ती कशी राहते ते आधी बघू. खरं म्हणजे माझं धाडस होत नव्हतं.

ती छान राहिली. ओसरीवर झोपली. खीर झाली, बिनबेदाण्याची, ती दोन वाट्या खाल्ली. दुपारी दिसेना म्हणून मी शोधायला गेलो तर शेजारच्या काकींच्या गोठ्यात होती. त्यांच्या म्हशीची पाठ खाजवत, वैरणीवर बसून गप्पा मारत होती. पंप कमरेला खोचलेला. मी दारातूनच तिचा श्वास ऐकायचा प्रयत्न केला. ऐकू आला नाही, इतका तो साधा चालला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उडदाचे पापड लाटायला आळीतल्या बायका जमल्या. काकी पिठाच्या गोळ्या करत होत्या, मामी लाटत होत्या, मेहुण्याची बायको पापड उन्हात टाकत होती. मेहुणा गाडी पुसत होता. बायको लाटणं घेऊन बसली होती. मी ओसरीवर चहा पीत होतो. तिनं मान वर करून एकदा माझ्याकडं बघितलं.

मी कप ठेवला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. कुठं उभं राहावं ते कळेना, म्हणून पापडांच्या बाजूला जागा करून खाली बसलो.

"पावणं, लाटायला आला का?" काकी म्हणाल्या. "घ्या की मग पोळपाट."

बायका हसल्या. मी म्हणालो, "मामींशी बोलायचं होतं." मग मी बेदाण्याला धुरी कशी देतात, गंधकाचा अंश कसा उरतो, श्वासनळी कशी आवळते, हे सांगू लागलो. कुणी लाटायचं थांबवलं नाही. मामी माझ्याकडं बघत होत्या आणि त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं.

"आवं पावणं," काकी म्हणाल्या, "ही शाळा ऱ्हाऊ द्या. काय झालंय ते सरळ सांगा."

मग मी मामींच्या पायांकडं न बघता त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि सरळ सांगितलं.

"मामी, माझं चुकलं. तुमच्या गोठ्यानं तिला कधी काही झालं नाही. मी पाठवत होतो त्या बेदाण्यानं तिला धाप लागत होती. ती खवखवतंय म्हणाली तेव्हा मी ऐकलं नाही, आणि उन्हाळ्यात तिला कधी होत नव्हतं असं तुम्ही म्हणालात तेव्हाही ऐकलं नाही. ह्याच अंगणात, काकींच्या देखत मी तुम्हाला विचारलं, लेक पायजे का म्हैस पायजे. तुम्ही लेक म्हणून म्हैस दिली, आणि मी तुम्हाला लेकही दिली नाही. मला माफ करा."